टपालव्यवस्था, घरगुती युनिक्स संगणकावरील (खानदेश)

सेवादात्याच्या (इंटरनेट वा ई-टपाल पुरवणाऱ्या कंपनीच्या) पेटीत आलेले ई-टपाल घरच्या युनिक्स वा लिनक्स संगणकाने स्वतः उतरवून घेणे आणि बाहेरचे टपाल रवाना करणे. आणणारी आज्ञावली व पाठवणारी आज्ञावली वेगवेगळ्या असतात.

आणण्यासाठी रूढ झालेल्या फेचमेलचे श्रेय प्रोग्रामर एरिक रेमंड यांना, साल बहुधा १९९६ असे दिले जाते. मात्र तिचा पाया कार्ल हॅरिस यांची पॉपक्लायंट ही आज्ञावली होय; तिचेच नाव बदलून फेचमेल झाले. त्याआधी रेमंड फेचपॉप या तिसऱ्याच आज्ञावलीवर काम करीत होते. नामांतरालाच जन्म मानावे की मूळ संहितेपासून मोजावे, हा मतभेदाचा मुद्दा. उतरवलेले टपाल थेट पेटीत न टाकता त्याच संगणकावरील टपालसेवकाच्या (टपाल स्वीकारून पुढे पोचवणाऱ्या आज्ञावलीच्या) २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारावर, सोपवण्याची पद्धत आल्यावरच फेचमेलला आजचे रूप आले. त्यामुळे नामांतराचा टप्पा धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पासवर्ड असलेली फेचमेलआरसी ही फेचमेलची मांडणी-फाइल मालकाखेरीज इतरांना वाचता येत असेल, तर फेचमेल चालतच नाही. नवख्याचा पहिला तास यातच जातो.

पाठवणे अधिक किचकट. घरगुती जोडणीचा पत्ता बदलता असल्याने पुष्कळ टपालसेवक तिथून आलेले टपाल नाकारतात. म्हणून पोस्टफिक्स या पाठवणाऱ्या आज्ञावलीच्या रिलेहोस्ट (टपाल कोणामार्फत पाठवायचे) या नोंदीत सेवादात्याचा सेवक व ५८७ हे पोर्ट (१९९८ पासून प्रमाणित) नोंदवतात. सेवकाच्या नावाभोवती चौकटी कंस हवेत. नाहीतर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद (त्या नावाचे टपाल कोणता सेवक स्वीकारतो हे सांगणारी) शोधत भलतीकडे जाते.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे या रचनेची खरी परीक्षा भारनियमनात होते. पॉप३ या टपाल उतरवण्याच्या पद्धतीच्या नियमानुसार ‘क्विट’ (समाप्ती) आज्ञेविना जोडणी तुटली, तर पुसण्याची खूण केलेली पत्रे सेवकावर तशीच राहतात. रावेरच्या घरात टपाल उतरत असताना लाइट गेली, तर ती आल्यावर तेच पत्र दुसऱ्यांदा येते, पण हरवत नाही. जाणारे टपाल डिस्कवरील रांगेत थांबते. पोस्टफिक्स ते सहसा पाच दिवस ठेवते, अधूनमधून पुन्हा पाठवून पाहते आणि मुदत संपल्यावर पाठवणाऱ्याला परत करते. मेलक्यू आज्ञेने रांग दिसते.

विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सार्वजनिक केले ते मोठ्या शहरांत. टेलिफोनवरून इंटरनेट जोडण्याच्या त्या काळात टपाल एकदम उतरवून फोन ठेवणे आणि उत्तरे निवांत लिहिणे परवडत असे.