रक्तगट जुळला म्हणून

मे १९४५. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर अमेरिकी पायदळाच्या एका सार्जंटला दोन माणसं हवी होती. एकाने कर्नलसोबत पुढे जाऊन जपानी मोर्चे हेरायचे, दुसऱ्याने जवळच्या तात्पुरत्या इस्पितळात जखमी सैनिकाला रक्त द्यायचं. एकाच तंबूत राहणारे दोन मित्र पुढे आले. कोण कुठे जाणार हे रक्तगटाने ठरलं. ज्याचा जुळला नाही तो कर्नलबरोबर गेला. वाटेत तोफगोळे पडू लागले, दोघांनी खड्ड्यात उडी घेतली आणि एक गोळा नेमका त्याच खड्ड्यात पडला.

रक्त देऊन परतलेला तो दुसरा मित्र म्हणजे जॉन रॉल्स, तेव्हा चोवीस वर्षांचे. विसाव्या शतकातल्या राजकीय तत्त्वज्ञानात न्यायाविषयी त्यांच्याइतका मूलभूत विचार फार थोड्यांनी केला. तो विचार मला तरी नेहमी नशिबाचा हिशेब वाटत आला आहे.

हा हिशेब फार आधी सुरू झाला होता. रॉल्स बाल्टिमोरच्या एका वकिलाचा मुलगा, जन्म १९२१चा. सात वर्षांचे असताना त्यांना घटसर्प झाला. धाकटा भाऊ सोबत म्हणून खोलीत येऊन बसे. त्याला लागण झाली आणि तो गेला. पुढच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. तोही आणखी धाकट्या भावाला लागला आणि तोही दगावला. रॉल्स दोन्ही वेळा बरे झाले. त्यांना तोतरेपणा होता. भावाच्या मृत्यूच्या धक्क्याने तो सुरू झाला, असं आईला वाटे.

युद्धाआधी त्यांना पाद्री व्हावंसं वाटत होतं. प्रिन्स्टनमधला पदवीचा प्रबंधही पाप आणि श्रद्धा या विषयावर होता. युद्धाने ती श्रद्धा संपवली. परतल्यावर १९५० साली प्रिन्स्टनमधूनच त्यांनी डॉक्टरेट घेतली. मग कॉर्नेल, एमआयटी आणि १९६२ पासून हार्वर्ड. प्राध्यापकाचं आयुष्य, फारसं सांगण्यासारखं नाही. एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. १९६९-७० मध्ये ते स्टॅनफर्डच्या अभ्यास केंद्रात आपलं मोठं पुस्तक लिहीत होते. १९७०च्या एप्रिलमध्ये एका रात्री तिथे जाळपोळ झाली. आठ महिन्यांच्या मेहनतीचं टंकलिखित टेबलावरच होतं. आग त्यांच्या खोलीपर्यंत फारशी आली नाही, पण विझवण्याच्या पाण्याने कागद ओलेचिंब झाले. एकेक पान सुटं करून त्यांनी ते वाळवलं. त्याच केंद्रात आपले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास होते. म्हैसूरकडच्या एका गावावरची त्यांची वर्षानुवर्षांची टिपणं जळाली आणि पुढे ते गाव त्यांनी आठवणीतून लिहिलं. एकाच केंद्रात एकाचे कागद भिजले, दुसऱ्याचे जळाले.

रॉल्स यांचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ १९७१ साली आलं. त्यातली मध्यवर्ती युक्ती घरोघरी ठाऊक असते. दोन भावंडांत एक वडी वाटायची तर जो कापेल त्याने दुसऱ्याला आधी निवडू द्यायचं. मग सुरी आपोआप मधोमध पडते. रॉल्स यांनी हेच अख्ख्या समाजाला लावलं. समजा, आपण समाजाचे नियम ठरवायला बसलो आहोत, पण आपण श्रीमंताघरी जन्मणार की मजुराघरी, धडधाकट की अपंग, कुठल्या वंशाचे, कुठल्या धर्माचे, यातलं काहीच माहीत नाही. या ‘अज्ञानाच्या पडद्या’आड बसून माणूस कोणते नियम निवडेल? रॉल्स म्हणतात, आधी सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्यं आणि संधीची खरी समानता. त्यानंतर विषमता चालेल, पण तिने सगळ्यात तळाच्या माणसाचं भलं होत असेल तरच.

अर्थशास्त्रज्ञ जॉन हर्सान्यी यांनी अशीच कल्पना १९५०च्या दशकात मांडली होती, पण उत्तर वेगळं काढलं होतं. कुठल्याही जागी पडण्याची शक्यता सारखीच असेल तर शहाणा माणूस सरासरी सुख सर्वात जास्त असलेला समाज निवडेल. रॉल्स यांच्यावर त्यांनी मासलेवाईक टीका केली. न्यू यॉर्कमध्ये तुटपुंज्या पगाराची नोकरी आहे, शिकागोत उत्तम नोकरी मिळतेय, पण उद्याच विमानाने जावं लागेल. विमान पडू शकतं, म्हणून तळाचा विचार करणारा न्यू यॉर्कलाच कुजत बसणार! रॉल्स यांचं म्हणणं असं की इथे शक्यतांचे आकडेच हाती नाहीत आणि डाव जन्मभराचा, एकदाच खेळायचा आहे. मला हर्सान्यींचं विमान पटतं, पण चोवीसाव्या वर्षी ज्याने तो खड्डा चुकवला त्याला ते का पटलं नसेल, हेही कळतं.

हा वाद पुढे प्रयोगशाळेत गेला. नॉर्मन फ्रोलिक आणि जो ओपनहायमर या दोन संशोधकांनी पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट बसवले. उत्पन्नवाटपाचं एक तत्त्व गटाने निवडायचं, मग कोण कुठल्या उत्पन्नवर्गात पडतो ते चिठ्ठीने ठरणार आणि त्याप्रमाणे खरे पैसे मिळणार. बहुसंख्य गटांनी ना रॉल्स निवडले, ना हर्सान्यी. ते म्हणाले, सरासरी उत्पन्न वाढू द्या, पण एका ठरावीक पातळीखाली कुणाला जाऊ देऊ नका. अमेरिका, कॅनडा आणि पोलंडमध्ये कल साधारण हाच दिसला. २०२३ मध्ये संगणकी मदतनीस कुणाला मदत करणार हे ठरवण्याचा एक खेळ मांडला गेला. त्यात आपली जागा माहीत नसलेल्यांनी सगळ्यात मागे पडलेल्याला मदत करण्याचं तत्त्व अधिक वेळा निवडलं. तेव्हा रॉल्स यांना जाऊन वीस वर्षं उलटली होती.

त्यांच्या हयातीतला एक प्रयोग मात्र प्रयोगशाळेबाहेरचा होता. व्हिएतनाम युद्धात सक्तीची भरती चालू असताना कॉलेजात शिकणाऱ्यांना सूट मिळत असे. म्हणजे ज्याच्या बापाकडे फी भरायला पैसे, तो घरी. रॉल्स यांनी काही सहकाऱ्यांसह हार्वर्डच्या प्राध्यापकसभेत या सवलतीविरुद्ध ठराव मांडला. सगळे नको असतील तर सोडत काढा, असं त्यांचं मत होतं. ठराव पडला.

सोडत पुढे निघाली ती सरकारकडून, १ डिसेंबर १९६९ रोजी. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत घातल्या आणि काचेच्या भांड्यातून एकेक काढली. आधी निघेल त्या तारखेला जन्मलेला आधी भरती. मात्र भांड्यात ओतण्याआधी कुप्या एका खोक्यात महिन्यामागून महिना अशा टाकल्या होत्या आणि नीट ढवळल्याच नव्हत्या. कुठल्याही महिन्याच्या तारखा कितव्या निघाल्या या क्रमांकांची सरासरी १८३च्या आसपास यायला हवी. डिसेंबरची जेमतेम १२१ आली. वर्षअखेरीस जन्मलेली मुलं आधी युद्धावर गेली. संख्याशास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर पुढच्या वर्षी दोन पिंपं आणली, एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक, आणि या वेळी दोन्ही नीट घुसळली.