स्क्रीन रीडर पडदा पाहत नाही

मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात फोन कानाशी धरून भराभर बोटं फिरवणारे अंध प्रवासी दिसतात. त्यावरून एक समज पक्का झालाय: स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू केला की कुठलंही ॲप, कुठलाही गेम आपोआप बोलू लागतो. तसं नाही.

विंडोजवरचा एनव्हीडीए असो, अँड्रॉइडचा टॉकबॅक असो की ॲपलचा व्हॉइसओव्हर, पडद्यावरचं चित्र हे मुख्यतः पाहतच नाहीत. इथे बटण आहे, त्याचं नाव 'पुढे', ते सध्या बंद आहे, असं ॲप आतून ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतं आणि रीडर तेच वाचतो. बटणावर नुसता बाण काढलाय, नाव दिलंच नाही, तर बऱ्याचदा 'बटण' एवढंच ऐकू येतं. मग पैसे पाठवायचे की रद्द करायचे, हे अंदाजाने ठरवा!

गेमची गत आणखी वाईट. बहुतेक गेम मेनूसकट सगळं स्वतःच रंगवतात, सिस्टिमला काही सांगत नाहीत. रीडर खिडकीचं शीर्षक वाचून गप्प. एनव्हीडीएमध्ये विंडोजच्या ओसीआरने, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणाऱ्या सोयीने, अक्षरं ओळखता येतात, पण धावत्या खेळात त्याचा उपयोग यथातथाच.

यावरून 'अंधांना असे गेम जमणारच नाहीत' असं म्हणणारेही चुकतात. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' मध्ये मेनू बोलतात, वस्तूंसाठी खुणेचे आवाज आहेत. अंध खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळलाय. बटणाला नाव देणं ही डेव्हलपरसाठी एखाद्या ओळीची गोष्ट. गेमचं काम मोठं, ते पहिल्यापासूनच आखावं लागतं.