सालबोअररची साथ: कोणते झाड तोडायचे, कोणते ठेवायचे

मध्य प्रदेशातल्या मंडला, बालाघाट, अमरकंटक या पट्ट्यातल्या साल वृक्षांच्या जंगलात मेलेली झाडे काढावीत की नाही, हा वाद जुना आहे. 1923 ते 1928 या काळात मंडला भागात सालबोअरर या भुंगेऱ्याने सुमारे 70 लाख झाडे मारली. तेव्हापासून साथ आली की कुऱ्हाड चालवायची, असा शिरस्ताच पडला. तो निम्माच बरोबर आहे.

एरवी हा भुंगेरा दुबळ्या झाडांवर जगतो. मादी खोडाच्या फटींत अंडी घालते. धडधाकट झाड राळ सोडून कोवळ्या अळ्यांना बुडवून मारते. दुष्काळाने किंवा वणव्याने झाड खंगले की राळ पुरत नाही आणि अळ्या थेट गाभ्यापर्यंत पोखरत जातात. बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो, शेंडा वाळतो. भुंगेरा तयार झाला तरी आतच थांबतो आणि पहिल्या पावसानंतर, जून-जुलैत बाहेर पडतो.

तोडीचा फायदा-तोटा या तारखेवर ठरतो. पोखरलेले झाड मेअखेर जंगलाबाहेर गेले, तर किडीची पुढची पिढीही जाते. ओंडके तिथेच पडून राहिले, तर भुंगेरे त्यांतूनही निघतात, शिवाय ताज्या लाकडाच्या वासाने आणखी येतात. त्यापेक्षा न तोडलेले परवडले. आणि भुंगेरे उडून गेलेले वठलेले झाड काढल्याने साथ रोखली जात नाही. लाकडाचे पैसे मिळतात, तेही भोकांमुळे कमी. बदल्यात ओंडके ओढताना रोपे चिरडली जातात. सालाचे बी जेमतेम आठवडाभर जिवंत राहते, साठवून पेरता येत नाही, त्यामुळे हे नुकसान सहज भरून निघत नाही. उघड्या जागी गवत माजते आणि उन्हाळ्यात पेटते. सुतार पक्ष्यांच्या आणि पिंगळ्यांच्या ढोल्या जातात, त्या वेगळ्याच.

पावसाळ्यातला उपाय म्हणजे सापळा झाड. मोजकी सालझाडे पाडून दोन-तीन मीटरचे तुकडे करायचे, टोके ठेचून रस काढायचा आणि ढीग लावायचा. रस पिऊन सुस्तावलेले भुंगेरे रोज वेचून मुंडी मोडायची. मजुरी मुंड्या मोजून. रस सुकला की पुन्हा ठेचायचे. वेचणीत खंड पडला की माद्या त्याच तुकड्यांवर अंडी घालतात, मग सापळा हीच पैदाशीची जागा होते.

1997-98 च्या साथीत लाखो झाडे बाधित झाली. किडीच्या नावाखाली निरोगी झाडेही पडत असल्याचा आक्षेप आला आणि तोडीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला. 14 फेब्रुवारी 2000 रोजी न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, मरणासन्न किंवा वाऱ्याने पडलेली झाडे काढण्यास मनाई केली. तो आदेश देशभर लागू असल्याने मेळघाट आणि ताडोबाही त्यात आले. वठलेल्या झाडांपुरता तो योग्यच होता. पण अळ्यांनी भरलेले, अजून हिरवे झाडही त्याच ओळीत बसले. कान्ह्यासारख्या सालवनाच्या उद्यानात अशा झाडासाठी वेगळी परवानगी मागावी लागते, आणि भुंगेऱ्याची मुदत तर जूनपर्यंतचीच.