थ्री-नॉट-थ्री की इशापूर?

बंदोबस्तावरच्या शिपायाच्या खांद्यावर लाकडी दस्त्याची, हातानं बोल्ट (मागची खिट्टी) मागे-पुढे सारायची रायफल दिसली की जळगाव-धुळ्याकडे सरसकट 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतात. ती .303 (इंच) असेलच असं नाही, 7.62 (मिमी) ची इशापूर 2ए किंवा 2ए1 पण असू शकते.

घराणं एकच, ली-एनफिल्ड. बोल्ट आणि मॅगझीनची रचना जेम्स पॅरिस लीची. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे आधी, 1888 मध्ये, मेटफर्डचे होते, उथळ आणि गोलसर; म्हणून नाव ली-मेटफर्ड. कॉर्डाइट (बिनधुराची दारू) आलं, त्याच्या उष्णतेनं ते झिजू लागले. मग 1895 मध्ये एनफिल्डचे 5 खोल, चौकोनी आटे आले. नावातला दुसरा शब्द बदलला तो असा, दारूपायी. 1907 ची .303 रायफल, नंबर 1 मार्क 3, पुढे बंगालात इशापूरला बनू लागली. 1962 च्या चीन युद्धानंतर तिथंच 7.62 काढली. जुन्या .303 ला नवी नळी बसवली, हा समज चुकीचा. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलादच जास्त भक्कम घेतलं.

खरा फरक काडतुसाच्या बुडाशी. .303 चं कवच 56 मिमी, बुडाला फुलपात्राच्या काठासारखी कड. ही कड चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी अडते. 7.62 चं (आपल्या वरणगावच्या फॅक्टरीत बनतं ते) 51 मिमी. बाहेर आलेली कड नाही, भोवती नुसती खाच, आणि ते स्वतःच्या खांद्यावर, म्हणजे कवच मानेकडे निमुळतं होतं तिथं, टेकतं. त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरही (कवच बाहेर ओढणारा आकडा) वेगळा.

कडेचा खरा ताप मॅगझीनमध्ये. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. मागे गेली की बोल्ट वरचं ढकलतो, ते खालच्याला ओढतं आणि दोन्ही अडकतात. घाईत सुटी काडतुसं भरताना हे हमखास होतं. 5 च्या क्लिपमध्ये कडा आलटून-पालटून वर-खाली लावतात, ते याचसाठी. 7.62 ला ही कटकटच नाही.

लांबून ओळखायचं तर मॅगझीन बघा: .303 चं तिरकं, 10 काडतुसांचं. इशापूरचं सरळ चौकोनी, 12 चं. 2ए च्या साइटवर (नेम धरायच्या पट्टीवर) पल्ल्याचे आकडे 2000 पर्यंत, 2ए1 वर 800 पर्यंतच.

काडतुसांची अदलाबदल मात्र होत नाही. .303 चं 7.62 मध्ये लांब पडतं, 7.62 चं पोट .303 च्या चेंबरला जाड होतं. बोल्ट बंद होत नसेल तर जोर लावू नका, काडतूस बाहेर काढून बूड बघा.