पॅडलवरचा पाय कोणाचा? मुतखड्याची शस्त्रक्रिया, शिकाऊ सर्जन आणि क्ष-किरण

खडा काढण्यासाठीच पाठीतून मूत्रपिंडापर्यंत वाट केल्याची नोंद १९७६ मध्ये झाली. ऐंशीच्या दशकात लांब दुर्बीण मूत्रनलिकेतून वर जाऊ लागली. मोठी चीर टळली, पण सुई नि तार कुठे पोहोचली हे दिसण्यासाठी सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांनी आतले दाखवणारे आणि पायाच्या पॅडलने चालणारे यंत्र, ऑपरेशन थिएटरमध्ये कायमचे मुक्कामाला आले. किरण 'शक्य तितके कमी' वापरा, हे तत्त्वही १९७७ पासून कागदावर आहे. रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ सर्जन, टेबलापाशी असला की किरण वाढतात का, हा प्रश्न मात्र बराच नंतरचा.

गोंधळ सुरू होतो तो 'फ्लुरोस्कोपी टाइम', म्हणजे किरण किती वेळ चालू होते, या शब्दापासून. सी-आर्मवर घड्याळ आहे, दर पाच मिनिटांनी ते वाजते, त्यामुळे आकडा आयता मिळतो. पण मिनिटे म्हणजे डोस नव्हे. सलग किरणांची दोन मिनिटे आणि सेकंदाला चारच स्पंदने सोडणारी दोन मिनिटे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रुग्ण स्थूल असेल तर यंत्र आपणहून जोर वाढवते, घड्याळाला त्याचा पत्ता नसतो. शिवाय घड्याळ पाय ओळखत नाही. रेसिडेंट सुई धरतो, पॅडल वरिष्ठ दाबतात, आणि मिनिटे जमा होतात 'शिकाऊच्या केस'वर! काही अभ्यासांत रेसिडेंट असताना वेळ वाढलेला दिसतो, काहींत फरकच नाही. त्यात नवल ते काय.

'अनुभव' हा शब्दही तितकाच सैल. कुणी प्रशिक्षणाचे वर्ष मोजते, कुणी केसेस. पाठीतून खडा काढणाऱ्या एका नवख्या सर्जनच्या नोंदींत शस्त्रक्रियेचा वेळ साधारण ६० केसेसनंतर स्थिरावला, किरणांचा वापर मात्र शंभरी ओलांडेपर्यंत उतरत राहिला. हात आधी शिकतो, पाय मागाहून.

२०११ मध्ये किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या डोळ्याच्या भिंगासाठीची डोसची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणण्याची शिफारस झाली आणि चर्चेत रुग्णासोबत सर्जनही आला. लेड ॲप्रन छाती-पोट झाकतो, डोळे उघडेच राहतात. ते वाचवायला शिशाचा चष्मा आहे, पण तो जड म्हणून कोपऱ्यात पडून राहतो.

अलीकडे सोनोग्राफीवर सुई घालायला शिकवतात. त्या टप्प्यात किरण लागत नाहीत. वाट रुंद करायची वेळ आली की बरेच जण पुन्हा पॅडल शोधतात.