प्राचीन भूखंडीय कवचातील उष्णतानिर्मिती

भूखंडांच्या कँब्रियनपूर्व (सुमारे ५४ कोटी वर्षांहून जुन्या) ग्रॅनाइट व पट्टिताश्मांत (नाइस; पट्टे असलेला रूपांतरित खडक) युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० यांच्या किरणोत्सारी क्षयातून सतत उत्पन्न होणारी उष्णता. सर्वसाधारण ग्रॅनाइटात ती दर घनमीटरला सुमारे २.५ मायक्रोवॅट असते. म्हणजे एक घन किलोमीटर खडकातून घरातल्या एका गिझरला पुरेल इतकीच, २.५ किलोवॅट. बेसाल्टात ती पुष्कळच कमी असते. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावण्याचा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षे असल्याने २५० कोटी वर्षांपूर्वी त्यापासूनची उष्णता आजच्या चौपट होती.

ही निर्मिती खोलीनुसार कशी घटते, याविषयी मतभेद आहेत. १९६८ मध्ये अमेरिकन भूभौतिकीविज्ञ फ्रान्सिस बर्च व सहकाऱ्यांनी पृष्ठभागावरील उष्णताप्रवाह (भूगर्भातून बाहेर पडणारी उष्णता) आणि तेथील खडकांची उष्णतानिर्मिती यांत रेषीय संबंध दाखविला. त्यावरून किरणोत्सारी मूलद्रव्ये मुख्यतः वरच्या सुमारे १० किमी. जाडीत एकवटली असावीत, असे मानले गेले. अमेरिकन भूभौतिकीविज्ञ आर्थर लाखेनब्रूख यांनी घातांकी घट (समान खोलीमागे समान प्रमाणात होणारी घट) सुचविली, कारण वरचे थर झिजून गेले तरी तीत हा संबंध टिकतो. तथापि जेथे खालचे कवच उघडे पडले आहे, तेथे अशी सलग घट सहसा आढळत नाही. निर्मिती खोलीपेक्षा खडकाच्या प्रकारावर अवलंबून असते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ठाणे जिल्ह्यात हे कवच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिण ट्रॅपखाली (दख्खनच्या बेसाल्टी लाव्हाथरांखाली) झाकलेले आहे. किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतरच्या वेधनात ३३८ मी. बेसाल्टाखाली प्राचीन पाया लागला व उष्णताप्रवाह दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलीवॅट, म्हणजे जुन्या ढालक्षेत्रांना (भूखंडांच्या प्राचीन, स्थिर भागांना) साजेसा माफकच, भरला.

भिवंडी तालुक्यात तानसेकाठी वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. अकलोलीस नदीपात्रातील काळ्या कातळाच्या भेगांतून कढत पाणी वर येते आणि हातभर अंतरावर नदीचे पाणी गार लागते. या उष्णतेचे मूळ काहींनी शिलारसात शोधले, काहींनी पायाच्या ग्रॅनाइटात. भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी तापून परतते, हे स्पष्टीकरण मात्र अधिक सयुक्तिक आहे. बेसाल्टाची उष्णतासंवाहकता (मीटर-केल्व्हिनमागे साधारण १.५ ते २ वॅट) ग्रॅनाइटापेक्षा कमी असल्याने तो पांघरुणासारखा वागतो, किल्लारीइतकाच प्रवाह येथे धरला, तर त्यात दर किलोमीटरला तापमान २० ते ३० अंशांनी वाढेल. पृष्ठभागाचे तापमान वजा जाता कुंडांतील सुमारे ५० अंशांच्या पाण्याला म्हणून निदान किलोमीटरभर खोली गाठावी लागत असावी.