रोझमेरी केनेडी : बहिणीने सांगितलेली बहीण

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईतल्या दफनभूमींत मेणबत्त्या लागतात आणि घराघरांतून दिलेल्या नावांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, अर्पण होते. आईबापांचे नाव कोणी विसरत नाही. पण जन्मभर अपंगत्व घेऊन जगलेल्या, लग्न न झालेल्या, मूलबाळ नसलेल्या माणसाचे नाव द्यायला मागे उरतात ती भावंडेच. एका कॅथलिक घराने अशा मुलीची आठवण दडपली आणि तिच्याच धाकट्या बहिणीने ती जगापुढे आणली. त्या गोष्टीची सुरुवात बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावात होते.

रोझमेरी केनेडीचा जन्म 13 सप्टेंबर 1918चा. स्पॅनिश फ्लूची साथ पसरलेली होती. डॉक्टरांना यायला उशीर झाला आणि ते येईपर्यंत परिचारिकेने बाळंतपण रोखून धरले, असे त्या घरात सांगत. नऊ भावंडांत ती तिसरी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन तिच्याहून सव्वा वर्षाने मोठा. चालणे, बोलणे, अक्षरे ओळखणे, सगळेच तिला उशिरा जमले. वडील ब्रिटनमध्ये राजदूत असताना ती तिथल्या मॉन्टेसरी पद्धतीच्या कॉन्व्हेंट शाळेत लहानग्यांना वाचून दाखवी. ते दिवस तिच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते असे मानतात.

युद्ध सुरू झाले आणि 1940 साली ती अमेरिकेत परतली. आता तिला रागाचे झटके येऊ लागले. वॉशिंग्टनमधल्या कॉन्व्हेंटमधून ती रात्री बाहेर निघून जाई. मुलीच्या हातून काही भलते घडेल, घराण्याची बदनामी होईल, ह्या भीतीने वडिलांनी नोव्हेंबर 1941मध्ये, आईला आधी न सांगता, तिच्या मेंदूवर लोबोटॉमीची, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले जोड तोडण्याची, शस्त्रक्रिया करवली. ती 23 वर्षांची होती. शस्त्रक्रियेनंतर तिला धड चालता येईना आणि बोलणे तर जवळजवळ गेलेच. 1949 साली तिला विस्कॉन्सिनमधल्या जेफरसन गावी, फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या सेंट कोलेटा संस्थेत ठेवण्यात आले. त्याच वर्षी ह्या शस्त्रक्रियेच्या जनकाला नोबेल पारितोषिक मिळाले.

घरात तिचे नाव निघेनासे झाले. कोणी विचारलेच तर ती दूर कुठेतरी अपंग मुलांना शिकवते, असे उत्तर मिळे.

हे मौन केवळ एका बापाचे नव्हते. 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याला मान्यता दिली होती. असे मूल म्हणजे रक्तातला दोष, अशी समजूत शिकलेल्यांतही पक्की होती. ख्रिस्ती घरांत तिला आणखी एक जुना प्रश्न येऊन मिळे: पाप कोणाचे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून नेमके हेच विचारतात आणि येशू स्पष्ट सांगतो, ना ह्याचे, ना ह्याच्या आईबापांचे. हा उतारा वेदीवरून वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या घरांनीच आपली लेकरे लपवली, ह्याचे मला फार दुःख होते.

डिसेंबर 1961मध्ये वडिलांना पक्षाघात झाला. त्यानंतर आईची आणि भावंडांची जेफरसनला ये-जा सुरू झाली. रोझमेरीसोबत पोहत आणि शिडाच्या होड्या चालवत वाढलेली धाकटी बहीण युनीस त्यांत पुढे होती. 1962च्या उन्हाळ्यात तिने मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शिबिर भरवले. त्याच सप्टेंबरात एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकात तिने लेख लिहून बहिणीची हकीकत सांगितली. भाऊ राष्ट्राध्यक्ष असताना हे लिहिणे सोपे नव्हते. शस्त्रक्रियेविषयी मात्र त्यात अक्षर नव्हते. ती गोष्ट लोकांना कळायला 1980चे दशक उजाडले. म्हणून मी त्या लेखाला अर्धी आठवण म्हणेन. बहिणीचे अपंगत्व सांगितले गेले, तिच्यावर झालेला अन्याय राहिला.

20 जुलै 1968 रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले स्पेशल ऑलिंपिक्स, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या क्रीडास्पर्धा, झाले. सुमारे 1,000 खेळाडू आले होते. भाऊ रॉबर्टची हत्या होऊन सहा आठवडेच झाले होते, तरी युनीस उद्घाटनाला उभी राहिली.

चर्चमध्ये बदल सावकाश आला. 1910 साली पोप दहावे पायस ह्यांनी मुलांना समज येताच, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत ख्रिस्ताचे शरीर मानून दिली जाणारी भाकर) देण्यास सांगितले. पण ‘समज’ हाच शब्द बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या आड येई. 1995 साली अमेरिकेतल्या बिशपांनी लिहून दिले की ख्रिस्तशरीर आणि साधी भाकर ह्यांतला फरक शब्दांत सांगता आला नाही तरी चालेल. हावभावातून, आदराने धरलेल्या शांततेतूनही तो व्यक्त होऊ शकतो. आपल्या भावाला वेदीपाशी हात जोडून थांबलेले पाहिलेल्या कुठल्याही बहिणीला हे आधीच ठाऊक असणार.

7 जानेवारी 2005 रोजी, वयाच्या 86व्या वर्षी, रोझमेरी गेली. उशाशी युनीस, पॅट्रिशिया, जीन आणि टेड ही भावंडे होती. ब्रुकलाइनच्या हॉलीहूड दफनभूमीत आईबापांच्या शेजारी तिला पुरले. साडेचार वर्षांनी युनीसही गेली. तिची अंत्ययात्रेची मिस्सा हायॅनिस गावातल्या चर्चमध्ये झाली. ते चर्च संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या नावाचे, ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे. त्या दिवशी तिला निरोप द्यायला स्पेशल ऑलिंपिक्सचे खेळाडूही आले होते.